आधाराची नोंद आणि संदर्भसूची

कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहावयास बसतांना मल्लिनाथानें आरंभींच एक प्रतिज्ञा केली आहे. ज्याला मूळ नाहीं असें कांहीं लिहावयाचें नाहीं आणि ज्याची अपेक्षा नाहीं असें कांहीं बोलावयाचें नाहीं, असा तिचा आशय आहे. शास्त्रशुद्ध लेखनाचें याहून थोडक्यांत लक्षण सांगणें कठीण. आधार देऊन लिहिण्याची शिस्त सर्वस्वीं पाश्चात्यांकडून आली, असा जो समज सुशिक्षितांत आढळतो तो म्हणूनच अर्धा खरा आहे. आधार असावा ही जाणीव आपल्याकडे जुनीच. मात्र तो आधार कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर सांपडेल हें वाचकाच्या हातीं ठेवण्याची पद्धति छापखान्यानंतरची आहे. एकाच छापाच्या प्रती सर्वांच्या हातीं आल्यावांचून पृष्ठांक सांगण्याला अर्थच नव्हता.

आज घरोघरीं कोणी तरी मुलगा किंवा मुलगी एम. ए.चा निबंध अथवा पीएच. डी.चा प्रबंध लिहीत असते. त्या घरांत पुढील दृश्य अपरिचित नाहीं. प्रबंध संपतो, टंकलेखन होतें, सादर करण्याचा दिवस उद्यांवर येतो, आणि मग 'संदर्भसूची राहिली' असा घोष होतो. रात्रीं बारा वाजतां पुस्तकें पुन्हां उघडलीं जातात. एकाचें मुखपृष्ठ गेलेलें असतें, दुसरें ग्रंथालयाला परत दिलेलें असतें, तिसऱ्याचें साल कोणालाच आठवत नाहीं. मग अंदाजानें भर घातली जाते. घरांतील वडीलधारें माणूसही समजूत घालतें, "अरे, शेवटचीं दोन पानें कोण पाहतो?"

हीं शेवटचीं पानें कोणी न पाहिल्यानें काय होतें याचें उत्तर एका पांच वाक्यांच्या पत्रानें जगाला फार महाग शिकविलें आहे. तें पत्र अमेरिकेंतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या १० जानेवारी १९८० च्या अंकांत आलें. पोर्टर व जिक हे त्याचे लेखक. रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यांच्या नोंदी त्यांनीं तपासल्या होत्या. अफूच्या वर्गांतील वेदनाशामक औषध निदान एकदां तरी मिळालेले ११,८८२ रोगी त्यांत निघाले. पूर्वीं व्यसन नसतां तें नव्यानें जडल्याचीं, बऱ्यापैकीं पुरावा असलेलीं उदाहरणें मात्र फक्त चार आढळलीं. पत्र एवढेंच. रोगी रुग्णालयांतील, औषध देखरेखीखालीं दिलेलें. घरीं बसून महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्या माणसाचें काय होतें हा प्रश्न त्या पत्रानें विचारलाच नव्हता.

पुढें २०१७ सालीं कॅनडांतील कांहीं संशोधकांनीं या पत्राचा हवाला कोठें कोठें दिला गेला याची मोजदाद केली. ६०८ ठिकाणीं तो आढळला. त्यांपैकीं ४३९ ठिकाणीं, म्हणजे शेंकडा ७२ प्रसंगीं, अशा औषधांनीं व्यसन क्वचितच जडतें याचा पुरावा म्हणून तें पत्र पुढें केलेलें होतें. आणि शेंकडा ८० हून अधिक ठिकाणीं, ते रोगी रुग्णालयांत दाखल झालेले होते ही मुख्य गोष्टच सांगितलेली नव्हती. दरम्यान दीर्घकालीन दुखण्यांसाठीं हीं औषधें त्या देशांत सढळ हातानें दिलीं गेलीं होतीं. १९९९ ते २०२१ या अवधींत तेथें अफूच्या वर्गांतील द्रव्यांच्या अतिसेवनानें सहा लाखांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. या अनर्थाचीं कारणें अनेक आहेत. तें सर्व पाप एका पत्राच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु व्यसनाची भीति अनाठायीं आहे असें वैद्यांच्या मनावर ज्या आधारांनीं ठसविलें गेलें, त्यांत हें पत्र होतें. अखेरीस त्या नियतकालिकानें, या पत्राचा हवाला विचार न करतां वारंवार दिला गेला आहे, अशी सूचना वाचकांसाठीं त्याला जोडली.

या प्रकरणांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पत्रांत खोटें असें कांहीं नव्हतें, आणि हवाला देणाऱ्यांनीं लेखकांचीं नांवें, साल, खंड, पृष्ठ हीं सामान्यतः बरोबरच दिलीं होतीं. नोंदीचा आकार निर्दोष होता. नोंदलेली वस्तु मात्र उघडून पाहिलेली नव्हती, किंवा पाहून तिची मर्यादा सांगितलेली नव्हती. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी कीं, तो आकार निर्दोष होता म्हणूनच सदतीस वर्षांनंतर कोणाला तरी मागोवा घेत मूळ पत्रापर्यंत जातां आलें. 'तज्ज्ञांचें असें मत आहे' एवढेंच जर सर्वांनीं लिहिलें असतें, तर ही चूक कोणाच्याच हातीं लागली नसती. शुद्ध नोंद माणसाला सत्यवादी करीत नाहीं. पण असत्य पकडण्याची वाट ती मोकळी ठेवते.

तात्पर्य, आधाराची नोंद तीन कामें करते. ज्याच्या श्रमांवर आपलें लेखन उभें आहे त्याचें ऋण ती मान्य करते. लेखकाचें विधान ताडून पाहण्याचें साधन ती वाचकाला देते. आणि त्याच विषयांत पुढें जाऊं इच्छिणाऱ्याला ती रस्ता दाखविते. पहिलें काम सौजन्याचें, दुसरें सचोटीचें, तिसरें परोपकाराचें. यांपैकीं दुसरें काम सर्वांत महत्त्वाचें असून नेमकें त्याचाच विसर अधिक पडतो.

महाराष्ट्राला या गोष्टीचें महत्त्व पटविण्यास शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद पुरेसा आहे. उत्तरकालीन बखरींच्या आधारानें शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, हें जन्मवर्ष पुष्कळ काळ रूढ होतें. पुढें कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यांतील शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी तिथि होती. महाराजांच्या समकालीन असलेल्या कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यांतही तीच तिथि निघाली. एका बाजूस घटनेनंतर बऱ्याच काळानें रचलेल्या बखरी, दुसऱ्या बाजूस एकमेकींना पुष्टि देणारीं जुनीं साधनें, असा हा सामना होता. वाद अनेक दशकें चालला आणि त्यांत कडवटपणाही आला. तरी प्रत्येक पक्षानें आपला कागद कोणता, तो कोणाच्या दप्तरांतील, हें उघड सांगितलें होतें. त्यामुळें तटस्थ वाचकाला दोन्ही बाजूंचीं साधनें शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां आलीं. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानतें. नुसत्या 'असें म्हणतात' या आधारावर दोन्ही पक्ष उभे असते तर हा निर्णय केवळ आवाजाच्या जोरावर लागला असता.

आतां प्रत्यक्ष आचाराकडे वळूं. नोंद कशाची करावी, हा विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न असतो. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर ते अवतरणचिन्हांत घालून आधार दिलाच पाहिजे, याबद्दल मतभेद नाहीं. परंतु शब्द बदलले म्हणजे ऋण फिटलें, हा समज चुकीचा आहे. दुसऱ्याचा विचार, त्याची मांडणी, त्यानें जमविलेले आंकडे, त्यानें काढलेला नकाशा किंवा तक्ता, हें सर्व आपल्या भाषेंत सांगितलें तरी मूळ मालक तोच राहतो. याउलट जें सर्वश्रुत आहे त्याला आधार नको. पानिपतची लढाई १७६१ सालीं झाली हें सांगण्यास टीप देणें हा पोरकटपणा होय. त्या लढाईंत अमुक इतकें सैन्य होतें असें म्हणावयाचें असेल तर मात्र टीप हवीच, कारण तेथें साधनांत एकवाक्यता नाहीं. शंका आली तर टीप द्यावी, हा व्यवहारांतील सोपा नियम. जास्त टिपांनीं वाचक फार तर कंटाळतो. कमी टिपांनीं लेखकाची अब्रू जाते.

अब्रूचा हा प्रश्न आतां कायद्याच्या कक्षेंतही आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम केले. त्यांप्रमाणें प्रबंधाचें इतर लेखनाशीं साम्य शेंकडा १० पर्यंत असेल तर दंड नाहीं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आंत दुरुस्त करून पुन्हां सादर करावा लागतो. ४० ते ६० असेल तर दुरुस्त प्रबंध एक वर्षपर्यंत सादर करतां येत नाहीं. आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द होते. रीतसर आधार देऊन घेतलेलीं अवतरणें व संदर्भसूची हीं या मोजणींतून वगळलेलीं आहेत. म्हणजे प्रामाणिकपणें उसनें घेण्याला कायद्याचीही हरकत नाहीं. लपवून घेण्याला आहे. येथें एक इशारा मात्र आवश्यक आहे. यंत्र फक्त शब्दांचें साम्य मोजतें. शब्द फिरवून दुसऱ्याचा विचार आपला म्हणून खपविणारा यंत्रांतून सुटेल. विषयाच्या जाणकार परीक्षकापुढें तो सुटेलच असें नाहीं, आणि स्वतःपुढें तर तो कधींच सुटत नाहीं.

नोंद कशी करावी, हा दुसरा प्रश्न. पद्धति अनेक असल्या तरी मुळाशीं प्रश्न चारच आहेत: कोणी लिहिलें, काय लिहिलें, कोठें प्रसिद्ध झालें आणि केव्हां. या चार प्रश्नांचीं उत्तरें दिलीं आणि शेवटीं पृष्ठांक जोडला कीं नोंद पूर्ण झाली. उदाहरणार्थ, तळटीपेंत लिहावयाचें झाल्यास: बाळ गंगाधर टिळक, श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र, पुणें, १९१५, पृ. अमुक. प्रबंधाच्या शेवटीं सूचींत हीच नोंद आडनांवापासून सुरू होते: टिळक, बाळ गंगाधर, आणि पृष्ठांक गळतो, कारण सूची संपूर्ण ग्रंथाची असते, तळटीप त्यांतील एका जागेची. लेखकाचें नांव फिरवून आडनांव पुढें घेण्याचें कारण एवढेंच कीं सूची वर्णानुक्रमें लावावयाची असते आणि वाचक आडनांवानें शोधतो.

दुसरी रीत अशी कीं तळटीप न देतां मजकुरांतच कंसांत आडनांव, साल व पृष्ठ लिहावें, आणि पूर्ण तपशील फक्त शेवटच्या सूचींत द्यावा. या रीतीचा उगम हार्वर्ड विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ सालच्या एका निबंधांत दाखवितात. कवच नसलेल्या एका जातीच्या गोगलगाईच्या अंड्यावर तो लिहिलेला होता. तळटिपांची परंपरा त्याहून जुनी. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ सालीं निघाला तेव्हां टिपा ग्रंथाच्या शेवटीं होत्या. प्रत्येक टिपेसाठीं पानें उलटीत शेवटीं जावें लागतें, अशी तक्रार तत्त्वज्ञ ह्यूम यानें प्रकाशकाकडे केली, आणि पुढें त्या पानांच्या पायथ्याशीं आल्या. वाचकाची सोय हाच सर्व पद्धतींचा मूळ हेतु आहे, हें या हकीकतीवरून दिसून येईल.

शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमावली १९०६ सालीं, अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांची १९२९ सालीं आणि तेथील भाषा-साहित्याच्या अभ्यासकांची १९५१ सालीं निघाली. नंतर प्रत्येकीच्या अनेक आवृत्त्या झाल्या. इतिहासकाराला जुने कागद, हस्तलिखितें, पत्रें यांचा तपशील द्यावयाचा असतो, म्हणून त्याला तळटीप सोयीची. विज्ञानांत एखादें मत किती ताजें आहे हें आधीं पाहतात, म्हणून तेथें साल पुढें आणणारी रीत सोयीची. कोणती पद्धति श्रेष्ठ हा वाद निष्फळ आहे. विद्यापीठानें जी सांगितली असेल ती घ्यावी, आणि घेतली कीं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती मोडूं नये. एका नोंदींत साल कंसांत आणि दुसरींत कंसाबाहेर, असें दिसलें कीं परीक्षकाच्या मनांत साहजिकच शंका येते: ज्याला स्वल्पविराम सांभाळतां आले नाहींत त्यानें आंकडे कसे सांभाळले असतील?

पुस्तकाखेरीज इतर साधनांसाठीं कांहीं तपशील वाढतो. मासिकांतील लेख असेल तर लेखाचें नांव अवतरणचिन्हांत, मग मासिकाचें नांव, वर्ष अथवा खंड, अंक आणि लेखाचीं पृष्ठें. अनेकांच्या लेखांचा संग्रह असेल तर लेखाचा लेखक वेगळा आणि ग्रंथाचा संपादक वेगळा; श्रेय लेखकाला द्यावें, संपादकाचें नांव ग्रंथाबरोबर यावें. अप्रकाशित कागद असेल तर तो कोणत्या संस्थेच्या कोणत्या दप्तरांत, कोणत्या रुमालांत आहे हें सांगितल्यावांचून नोंद निरुपयोगी. मुलाखत असेल तर कोणाची, कोठें, कोणत्या तारखेस. महाजालावरील मजकूर असेल तर लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचें नांव व पूर्ण पत्ता, आणि तो ज्या दिवशीं पाहिला ती तारीख. कारण छापलेलें पान बदलत नाहीं, संकेतस्थळावरचें पान रातोरात बदलतें किंवा नाहींसें होतें. विद्वत्पत्रिकांतील लेखांना आतां 'डीओआय' नांवाचा कायमचा क्रमांक मिळतो. तो असेल तेथें अवश्य द्यावा.

एकाच ग्रंथाचा हवाला लागोपाठ आला तर दुसऱ्या वेळीं 'तत्रैव' लिहिण्याची प्रथा आहे. तींत एक खड्डा आहे. प्रबंध दुरुस्त करतांना मध्येंच नवी टीप घातली गेली कीं पुढचें 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवूं लागतें. म्हणून लेखन चालू असतां आडनांव व लहानसें शीर्षक लिहीत जावें, आणि 'तत्रैव' घालावयाचेंच असेल तर तें अगदीं शेवटीं घालावें.

मराठींत लिहिणाऱ्याच्या मार्गांत आणखीहि कांहीं अडचणी आहेत, आणि परदेशी नियमावलींत त्यांचीं उत्तरें मिळत नाहींत. पहिली अडचण नांवांची. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि निरुक्ताचे संपादक वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे सख्खे भाऊ. मराठींत एक वि. का. आणि दुसरे वै. का.; परंतु इंग्रजींत दोघांचींही आद्याक्षरें तींच, आणि मग एकाचा ग्रंथ दुसऱ्याच्या नांवावर चढण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून सूचींत शक्य तेथें पूर्ण नांव द्यावें. टोपणनांवांचेंही तसेंच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी हीं एकेकाच व्यक्तीचीं दोन नांवें होत. ग्रंथावर जें नांव छापलेलें आहे त्याखालीं नोंद करावी आणि दुसऱ्या नांवापुढें 'पाहा' म्हणून तिकडे बोट दाखवावें.

दुसरी अडचण वर्णानुक्रमाची. क्ष आणि ज्ञ हीं जोडाक्षरें क आणि ज यांच्या पोटांत लावावयाचीं कीं वर्णमालेच्या शेवटीं, याबद्दल दोन्ही प्रथा चालू आहेत. कोणतीही एक घ्यावी, पण सूचीच्या आरंभीं एका ओळींत ती सांगून टाकावी. मराठी आणि इंग्रजी ग्रंथ एकाच क्रमांत मिसळण्यापेक्षां त्यांचे दोन विभाग करणें वाचकाला बरें पडतें.

तिसरी अडचण कालगणनेची, आणि तींत भलेभले फसतात. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो, हें शाळेंत शिकविलेलें असतें. तें वर्षाच्या मोठ्या भागापुरतें खरें आहे. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत मात्र ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ रोजीं झाली. ७८ मिळविले तर १७६० येईल. खरी तारीख १४ जानेवारी १७६१ ही आहे. पेशवाईच्या कागदांवर आढळणारा शुहूर सन मृग नक्षत्रावर पालटतो. त्याच्या आरंभापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढें ६०० मिळवावे लागतात. शिवजन्माची १९ फेब्रुवारी ही तारीखसुद्धां जुन्या, म्हणजे ज्यूलियन, पंचांगाची आहे. आज चालू असलेल्या ग्रेगोरियन पंचांगानें ती १ मार्च होते. यास्तव सुरक्षित मार्ग असा कीं कागदावरची मूळ तिथि जशीच्या तशी नोंदवावी आणि आपण केलेलें रूपांतर कंसांत द्यावें. रूपांतरांत चूक झाली तरी मूळ तिथि शाबूत असल्यानें पुढचा माणूस ती दुरुस्त करूं शकतो.

चौथी अडचण आवृत्तीची. गीतारहस्याचीं पुनर्मुद्रणें अनेक झालीं. प्रत्येकाचे पृष्ठांक जुळतीलच असें नाहीं. म्हणून आपण वापरलेल्या आवृत्तीचें साल द्यावें, आणि जमल्यास प्रकरणही सांगावें. ज्ञानेश्वरीच्या बाबतींत अध्याय व ओवी, गाथ्याच्या बाबतींत अभंगाचा क्रमांक देण्याची प्रथा चांगली आहे. परंतु ओव्यांचे व अभंगांचे क्रमांकही निरनिराळ्या प्रतींत निरनिराळे असतात, तेव्हां कोणती प्रत हें सांगितल्यावांचून तो क्रमांक आंधळाच राहतो. या बाबतींत आदर्श पाहावयाचा असेल तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ति उघडावी. १९१९ सालीं सुरू झालेलें आणि १९६६ सालीं पुरें झालेलें तें काम आहे. स्वीकारलेला पाठ वर आणि कोणत्या हस्तलिखितांत कोणता निराळा पाठ आहे याची सांकेतिक अक्षरांनीं केलेली नोंद खालीं, अशी तिच्या पानांची रचना आहे. संपादकांचा निर्णय ज्याला पटत नसेल त्याला स्वतःचा निर्णय करण्याचें सर्व साहित्य त्याच पानावर मिळतें. प्रतिपक्षाला शस्त्र देऊन मग वादास उभें राहणें, याहून मोठा प्रामाणिकपणा तो कोणता?

आतां एका व्यसनाविषयीं सांगितलें पाहिजे. तें म्हणजे उसना हवाला. एखाद्या लेखकानें दुसऱ्या ग्रंथाचा आधार दिलेला असतो. विद्यार्थी तो दुसरा ग्रंथ न पाहतांच त्याची टीप उचलून आपल्या सूचींत घालतो. सूची भारदस्त दिसते. पण तें खोटी साक्ष दिल्यासारखेंच आहे. पालकाच्या भाजींत लोह फार असतें हा समज जुन्या काळीं दशांशचिन्ह चुकल्यामुळें पसरला, ही गोष्ट पुष्कळांनीं ऐकली असेल. १९८१ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें हॅम्ब्लिन यांच्या लेखांत ती आली आणि तेथून शेंकडों ठिकाणीं गेली. त्या लेखांत तिला आधारच दिलेला नव्हता. २०१० सालीं सटन या अभ्यासकानें मुळाचा शोध घेतला तेव्हां दशांशचिन्हाच्या त्या गोष्टीला पुरावा मिळाला नाहीं. दुसऱ्याची बेफिकिरी उघड करण्यासाठीं सांगितली जाणारी गोष्टच बेफिकिरीनें पसरली होती! मूळ ग्रंथ खरोखरच मिळत नसेल तर 'अमुक ग्रंथांतील उल्लेखावरून' असें स्पष्ट लिहावें. त्यांत कमीपणा नाहीं.

या जुन्या व्यसनाला अलीकडे नवें खतपाणी मिळालें आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला आधार मागितला कीं तें लेखक, शीर्षक, साल, पृष्ठ असें सर्व सुबक रचून देतें. कधीं कधीं तो ग्रंथ जन्मलेलाच नसतो. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयांत दोन वकिलांनीं अशा रीतीनें मिळालेले, अस्तित्वांतच नसलेले सहा निवाडे आधार म्हणून दाखल केले. प्रतिपक्षाला ते कोठेंच सांपडेनात. चौकशी झाली आणि न्यायालयानें पांच हजार डॉलर दंड ठोठावला. नोंद मांडून देण्याच्या कामीं यंत्राची मदत घेण्यास कांहींच हरकत नाहीं. २००६ पासून उपलब्ध असलेल्या 'झोटेरो'सारख्या साधनानें एकाच माहितीवरून हवी ती पद्धति क्षणांत लावून मिळते. परंतु भरलेली माहिती चुकीची असेल तर यंत्र ती चूक नीटनेटकी करून परत देतें, इतकेंच. ग्रंथ उघडण्याचें काम माणसाचेंच आहे.

यावर उपाय जुनाच आणि घरगुती आहे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक ग्रंथासाठीं एक चिठ्ठी करावी. कागदाची असो वा संगणकांतली. ग्रंथ हातांत असतांनाच, वाचावयास सुरुवात करण्यापूर्वीं, त्याच्या आंतल्या नामपृष्ठावरून लेखक, शीर्षक, आवृत्ति, प्रकाशक, स्थळ व साल उतरून घ्यावें. मुखपृष्ठावर विसंबूं नये; तेथें शीर्षक पुष्कळदां कापलेलें असतें. उतारा घेतांना त्याच क्षणीं पृष्ठांक लिहावा, आणि दुसऱ्याचे शब्द व आपलें टिपण यांत खूण ठेवावी. सहा महिन्यांनीं वहीतलें वाक्य आपलें कीं परक्याचें हें ओळखेनासें होतें, आणि निष्पाप माणूस वाङ्मयचोर ठरतो तो बहुधा येथेंच. प्रबंध संपतांना सूचींतील प्रत्येक नोंद मजकुरांत आहे ना आणि मजकुरांतील प्रत्येक आधार सूचींत आहे ना, असें दोन्ही बाजूंनीं ताडून पाहावें. पहिल्या दिवसापासून चिठ्ठ्या केल्या असतील तर हें एका संध्याकाळचें काम आहे.

एकट्या माणसाच्या चिकाटीनें सूचीचें काम केवढें होऊं शकतें हें शंकर गणेश दाते यांनीं दाखविलें आहे. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची त्यांची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ सालीं प्रसिद्ध झाली; पुढील १९५० पर्यंतच्या ग्रंथांची सूची १९६१ सालीं आली. त्या पानांत कथा नाहीं, काव्य नाहीं. नुसत्या नांवांच्या आणि सालांच्या ओळी आहेत. तरीही मराठींतील गतकालाचा शोध घेणाऱ्याला आजही त्या ओळींपाशीं यावें लागतें. हरवलेल्या पुस्तकाचें निदान नांव तरी शिल्लक राहावें, एवढ्यासाठीं कोणी तरी तीं पानें भरलीं.

तेव्हां शेवटचीं दोन पानें कोण पाहतो, असें घरांत कोणी विचारलें तर त्याचें उत्तर असें आहे: ज्याला लेखकाचें म्हणणें खरें आहे कीं नाहीं याची काळजी आहे तो प्रथम तींच पाहतो. तो कदाचित् उद्यां येईल, कदाचित् सदतीस वर्षांनीं. त्याला दार उघडें सांपडावें एवढी व्यवस्था लेखकानें आज करून ठेवावी.